व्याह्यांचा सिनेमा

मुलीच्या बापाच्या पोटात ‘व्याही’ या शब्दाची म्हणून जी एक भीती असते, ती आमच्या व्याह्यांनी पहिल्या भेटीतच पार काढून टाकली आणि तिच्या जागी, आजवर कुठल्याही मुलीच्या बापाला वाटली नसेल अशी एक वेगळीच भीती नेऊन बसवली. हुंडा मागणारे व्याही मी पाहिले होते, मानपानावरून ताटावरून उठणारे पाहिले होते. त्यांच्याशी कसं बोलायचं हे चार जाणत्यांना विचारून मी तयारीत बसलो होतो. पण पन्नाशी उलटलेला, खांद्यापर्यंतचे पांढरे केस रबरबँडने बांधलेला आणि पाठीला गोधडीच्या खोळीत इलेक्ट्रिक गिटार अडकवून मुलगी बघायला येणारा व्याही माझ्या तयारीत कुठेच बसत नव्हता.

आम्ही अष्टमी गावात राहायचो, अजूनही तिथंच राहतो. रोह्याहून कुंडलिकेचा पूल उतरला की जी दुकानं लागतात, त्यांच्या मागच्या गल्लीत आमचं पत्र्याचं घर. मी मोजणी खात्यात नोकरीला होतो. साखळी, नकाशे आणि दोन भावांमधला बांध यांच्यात सगळी नोकरी गेलेली. नव्वद साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या एकुलत्या एक वैजूसाठी पेणचं स्थळ आलं. मुलगा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा, सरळ, मितभाषी, समोर ठेवलेला चहासुद्धा ‘घेऊ का’ असं विचारून पिणारा. त्याच्याकडे बघून त्याच्या बापाचा अंदाज कोणालाही आला नसता.

पोहे झाले, वैजू ट्रे घेऊन आली, सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि व्याही छताकडे. “पत्रा किती वर्षांचा?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी जीभ टाळूला लावून टक्क असा आवाज काढला, मान वाकडी करून ऐकला आणि समाधानाने म्हणाले, “घुमतंय छान.” मग वैजूला त्यांनी एकच प्रश्न विचारला. “बाय, तुला झोप कशी लागते? आमच्या घरात आवाज असतो म्हणून विचारतो.” वैजू म्हणाली, “पुलावरून रात्रभर ट्रक जातात, मला जाग येत नाही.” व्याही मुलाकडे वळून म्हणाले, “माझ्याकडून झालं. तुझं तू बघ.” त्यानंतर त्यांनी घसा साफ करून “आमच्या दोन मागण्या हायत” असं म्हटलं, तेव्हा आमच्या हिच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. “एक म्हणजे वाजंत्री तुम्ही ठरवायची नाय, वाजवायचं आम्ही. दुसरं, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग मी करणार.” एवढ्यावर सुटका झाली म्हणून मी त्या दिवशी देवापुढे नारळ फोडला. दुसऱ्या मागणीचा अर्थ मला कळायला पुढे सहा महिने लागले.

व्याह्यांच्या घराण्याची पेणच्या खाडीवर पिढीजात मिठागरं. तरुणपणी हे मुंबईला शिकायला म्हणून गेले आणि तिथं रॉक वाजवायला लागले. हॉटेलांत वाजवलं, कॉलेजांत वाजवलं, कुठल्याशा जहाजावरही वाजवलं म्हणतात. वडील आजारी पडले तेव्हा परत आले ते कायमचे, पण येताना गिटार घेऊन आले. पेणमध्ये त्यांनी चौघांचा बँड जमवला. ड्रमवर वरातीच्या बँडपथकातला एक ढोलवाला, बेस गिटारवर एक होमिओपॅथ डॉक्टर, आणि कीबोर्डवर शाळेत भूगोल शिकवणारे एक गुरुजी. सुरुवातीला ते घरीच सराव करत. शेजाऱ्यांनी आधी विनंती केली, मग गाऱ्हाणं केलं, मग एकाने घरच विकायला काढलं, तेव्हा बँड मिठाच्या गोदामात हलवला. तिथं मिठाने गिटारच्या तारा गंजायच्या. दुसऱ्या कोणी गोदाम बदललं असतं. व्याही म्हणत, “आता जरा बरा आवाज यायला लागला. खारट.” वीज गेली की ते ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून तिच्यावर वाजवत, आणि त्या दिवशी त्यांच्या धाकट्या भावाचा ट्रॅक्टर शेतात जागेवर उभा राही.

त्यांच्याशी बोलणं ही एक वेगळी कसरत होती. आपल्याशी त्यांचं संभाषण ते मनातल्या मनात आधीच सुरू करून ठेवत आणि भेट झाली की तिथून पुढे बोलत. एकदा रोह्याच्या स्टँडवर मी नागोठण्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. हे समोरून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “म्हणून मी म्हणतो मोजणीसाहेब, थांबावं कसं ते बगळ्याकडून शिकावं.” एवढं बोलून पेणच्या गाडीत चढले. आधी काय बोलणं झालं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. जेवायला बसले की भाजीचा पहिला घास डोळे मिटून खात आणि सांगत, “हे मीठ आमचं नाय. हे उरणकडचं.” ही गोष्ट त्यांनी एका कलेक्टरच्या घरीही सांगितली होती म्हणे. त्यांच्या पत्नी, आमच्या पेणच्या विहीणबाई, अत्यंत शांत बाई. नवऱ्याबद्दल कोणी काही विचारलं तर त्या म्हणायच्या, “ते हायत तसे हायत. चहा घ्या.” चहा मात्र फक्कड असायचा, आणि माणूस पुढचं विचारायचं विसरायचा.

लग्न अष्टमीलाच झालं. व्याह्यांनी पेणच्या एका स्टुडिओवाल्याचा व्हिडिओ कॅमेरा आणला होता, तो त्यांच्या खांद्यावरून दिवसभर उतरला नाही. नवऱ्या मुलाचा बाप म्हणून ज्यांना लोडाला टेकवून बसवायचं, ते गृहस्थ पंगतीत पालथे पडून जेवून झालेल्या पानांचं शूटिंग करत होते. त्यांनी रचून ठेवलेल्या खुर्च्या घेतल्या, आचाऱ्याचे कोपर घेतले, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बायकांची नुसती तोंडं घेतली. खांब गावचे आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी या लग्नासाठी मुद्दाम सफारी शिवला होता. महामार्गावर त्यांचं टायरचं मोठं दुकान, चार गावांत शब्दाला किंमत. कॅमेरा जिथं जाईल तिथं भावोजी आधी जाऊन उभे राहत आणि कॅमेरा नेमका खाली वळे. व्याहीभेटीच्या वेळी तर व्याह्यांनी कॅमेरा चालू ठेवूनच मला मिठी मारली. मला वाटलं, उत्साहाच्या भरात विसरले असतील. मग त्यांच्या बँडने ‘वाजवलं’. त्याबद्दल एवढंच सांगतो की पुलापलीकडे रोह्यातली माणसं काय झालं ते बघायला पुलावर आली होती.

वैजू गेली आणि घर रिकामं झालं. असं सगळ्याच घरांत होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत ते भरून निघतं, असं मी ऐकून होतो. आमच्याकडे तसं झालं नाही. आमची ही पहिल्यापासून बोलकी नव्हे, पण घरात तिच्या कामांचा म्हणून एक आवाज असायचा. तो बंद झाला. ती वेळेवर स्वयंपाक करायची, मला वाढायची, स्वतः दोन घास खाऊन ताट सारायची, आणि मागच्या पायरीवर नदीकडे तोंड करून बसून राहायची. काय झालं विचारलं की म्हणायची, “काही नाही. बसलेय.” डॉक्टरांनी टॉनिक दिलं. बहिणीने खांबला ने म्हणून सांगितलं, तर ही म्हणाली नको. मुलीकडे पेणला जाऊन ये म्हटलं तर म्हणाली, “तिच्या घरी आता मी काय करू.” लग्नानंतर चोवीस-पंचवीस वर्षं ती कुठं गेली असेल ती वैजूसाठी तरी, नाहीतर माझ्या नातलगांच्या लग्नकार्यासाठी. तिला स्वतःला कुठं जायचं होतं का, हे कोणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं. मला भीती वाटायला लागली होती. संध्याकाळी कचेरीतून येताना पुलावरूनच मी बघायचो, ती पायरीवर दिसते का.

अशा दिवसांत एका दुपारी व्याही आले. जोडीला नातेवाइकांचा तगादा होताच, लग्नाची कॅसेट कधी मिळणार म्हणून. मी तोच विषय काढला. ते म्हणाले, “एडिटिंग चाललंय. दोन व्हीसीआर वायरीने जोडलेत, पण एक जरा लाजतो.” हे त्यांच्याकडून उत्तर म्हणून पुरेसं होतं. जेवताना ते हिच्या ताटाकडे बघत होते. त्या दिवशी मीठ कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही. जेवण झाल्यावर मागच्या पायरीवर तिच्यापासून दोन हात सोडून बसले आणि नदीकडे बघत म्हणाले, “विहीणबाई, माझ्या सिनेमात एक बाई कमी पडतेय.”

मी चमकलो. आम्ही लग्नाच्या कॅसेटची वाट बघत होतो, सिनेमाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

“मला काही येत नाही हो,” ही म्हणाली.

“तिला काही यायला नकोच हाय. ती दार उघडते, बाहेर येते आणि चालत जाते.”

“कुठं?”

“ते तिचं तिनं बघायचं.”

आता ही नाही म्हणेल, मग मी काहीतरी बोलून वेळ मारून नेईन, असा माझा हिशेब होता. तेवढ्यात तिने विचारलं, “नेसायचं काय?”

पुढच्या रविवारी आम्ही पेणला गेलो. मिठाचा हंगाम होता. खाडीवर जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत पाण्याने भरलेले चौकोनी वाफे, मधून मातीचे बांध, आणि कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी. त्या वाफ्यांच्या मधोमध, घोटाभर पाण्यात, व्याह्यांनी एक दार उभं केलं होतं. नुसतं दार. चौकट, उंबरा, कडी, वर आंब्याच्या पानांचं तोरण. भिंती नाहीत, घर नाही. होमिओपॅथ डॉक्टर मागून चौकट धरून बसले होते, कारण वारा होता. भूगोलाचे गुरुजी छत्री घेऊन कॅमेऱ्यावर सावली धरत होते. ढोलवाल्याकडे बगळे न उडू देण्याचं काम होतं आणि ते त्याला जमत नव्हतं.

मला वाटलं होतं, मी बघायला आलोय. पण व्याह्यांनी मला कोट चढवला, हातात मोजणीची साखळी दिली आणि सांगितलं, “मोजणीसाहेब, तुम्ही पाणी मोजायचं. खाडीचा सातबारा काढायचाय असं समजा.” सरकारी नोकराला सिनेमात काम करायला वरिष्ठांची परवानगी लागते, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही काम कुठं करताय, मोजणीच करताय.” मग भर उन्हात कोट घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाण्यात साखळी टाकत उलटा चालत राहिलो. मिठागरावर काम करणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बांधावर येऊन बसल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, “ह्यो सरकारी मानूस हाय ना गो? मंग बराबर हाय.”

हिची पाळी आली तेव्हा ती लग्नातलीच जांभळी साडी नेसून दाराच्या पलीकडे उभी राहिली. व्याह्यांनी कॅमेरा चालू केला. तिने आतून दार उघडायचं होतं. पण तिने आधी दार वाजवलं. तशी बांधावरची एक म्हातारी ओरडून म्हणाली, “गो बाय, तूच आत हायस, मंग वाजवतेस कशाला?” सगळे हसले. मला वाटलं, ही आता ओशाळेल आणि साडीचा पदर सावरत परत येईल. पण दारापलीकडून तिचा आवाज आला, शांत. “बाहेर कोण आहे का बघत होते.” व्याह्यांनी डोळा कॅमेऱ्याला लावूनच डावा हात वर केला, थांबू नका अशा अर्थी. तिने दार उघडलं, उंबरा ओलांडून पाण्यात पाऊल टाकलं, दार मागे ओढून घेतलं, कडी लावली. आणि चालायला लागली.

तिने वाफा ओलांडला, बांधावर चढली आणि बांधाबांधाने खाडीकडे निघाली. व्याह्यांनी ‘झालं’ म्हणून सांगितलं. ती थांबली नाही. मी हाक मारली, वाऱ्यात तिला ऐकू गेली नसावी. ती लहान लहान होत गेली, जांभळा ठिपका झाली, पुढे तर तोही मिठाच्या उन्हात दिसेना. माझ्या मनात नको ते आलं. मी कोट टाकला आणि निघालो, तर व्याह्यांनी माझं मनगट धरलं. “जाऊ द्या तिला,” ते म्हणाले. त्यांचा हात घामाने ओला होता, आणि कॅमेरा चालूच होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ठिपका परत दिसायला लागला. ती आली तशीच सावकाश चालत आली, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, केस सुटलेले, चेहरा उन्हाने लाल. थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भूक लागली.”

बांधावरच्या बायकांनी तिला आपल्यात बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. माझ्या बायकोने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. खाताना ती त्या बायकांना विचारत होती, त्या बांधाच्या टोकाला जी झोपडी आहे तिथं कोण राहतं, ओहोटीला तिथून पलीकडे चालत जाता येतं का. मी दूर मिठाच्या राशीला टेकून बसलो होतो. भाकरी माझ्याही हातात होती, पण तिचा एक तुकडाही मी मोडला नव्हता. व्याही माझ्या शेजारी आडवे झाले होते आणि केसांतून मीठ झाडत होते.

मे महिन्यात कॅसेट तयार झाली. रविवारी सकाळी आमच्या घरी टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर लावला, खिडक्यांना चादरी बांधल्या, आणि खांब, कोलाड, रोहे इथले सगळे नातेवाईक लग्न बघायला जमले. वैजू आणि जावई आले. माझी नव्वदीला टेकलेली आत्या सगळ्यात पुढे पाट घेऊन बसली. भावोजींनी सफारी घातला होता.

पडद्यावर पहिल्यांदा जे आलं ते एक प्रचंड मोठं, केसाळ, डोंगरासारखं काहीतरी होतं आणि वाऱ्याने त्यावरचं गवत हलत होतं. ते काय आहे यावर घरात दोन मतं पडली. मग कॅमेरा मागे सरकला तेव्हा समजलं की तो माझा कान आहे. व्याहीभेट. त्यानंतर उष्टी पानं एका मागोमाग एक, पाठीमागे गिटार, एसटीचा ब्रेक लागावा तशी. मंगलाष्टकांच्या बायका तोंडं उघडत होत्या आणि आवाज येत होता बेडकांचा. ‘सावधान’ म्हणायच्या क्षणाला पाण्यात दार दिसलं. मग कोट घालून पाणी मोजणारा मी, माझ्याकडे बघणारा बगळा, पुन्हा लग्न, पुन्हा पाणी. वैजूच्या पाठवणीला बाकी सगळ्यांचे फक्त पाय होते. मी तेवढा पूर्ण होतो. मंडपाच्या खांबाशी एकटा उभा होतो आणि माझ्या हातात वैजूच्या घरात घालायच्या जुन्या चपला होत्या. त्या मी कधी उचलल्या, कोणाला द्यायला उचलल्या, मला काही आठवत नव्हतं. गाडी सुरू झाली, पुढे गेली, धूळ खाली बसली, तरी मी त्या चपला छातीशी धरून उभाच होतो. माझ्या शेजारी बसलेल्या वैजूने अंधारात माझा हात धरला.

शेवटी ही चालत गेली, ठिपका झाली, परत आली, “भूक लागली” म्हणाली, आणि पडदा निळा झाला.

भावोजी उभे राहिले. “यात लग्न कुठं आहे?”

“हाय की,” व्याही म्हणाले. “सगळं लग्नच हाय.”

“आम्ही घरातली मोठी माणसं. आम्ही कुठं आहोत?”

“तुमचा बूट हाय. पानांच्या नंतर लगेच. चांगला आलाय बूट.”

भावोजी माझ्याकडे वळले. हा अपमान आहे, असल्या सोयरिकीत आपल्याला पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं ते मला उद्देशून बोलायला लागले. बहिणीने पदर डोळ्यांना लावला. दोन-चार जण चपला शोधू लागले. पुढच्या पाच मिनिटांत एक तर खांबचं घर तुटणार होतं, नाहीतर पेणचं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “शेवटचं परत लावा. मी चालतेय ते.”

ही बोलली होती. आमच्या घरात चारचौघांत, मोठ्या माणसांच्या मध्ये, ती पहिल्यांदाच बोलत होती. जावयाने ‘लावू का’ असंही न विचारता कॅसेट मागे नेली. ही पुढे येऊन आत्याच्या शेजारी जमिनीवर बसली. पुन्हा दार उघडलं, पुन्हा ती निघाली.

“ही बाई कोण गो?” आत्याने विचारलं. तिला पहिल्या खेपेला काही नीट दिसलं नव्हतं.

“मीच आहे, आत्या.”

“कुठं चालली हायस?”

“कुठं नाही. अशीच.”

आत्या पडद्याकडे बघत राहिली. ठिपका दिसेनासा झाला तेव्हा म्हणाली, “अशीच चालली हाय. बरं हाय. मला नाय कधी कोणी सांगितलं, जा, अशीच चालून ये म्हणून.”

चपला शोधणारे थांबले. माझी बहीण डोळे पुसून आत्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि तिने आपल्या यजमानांना, म्हणजे भावोजींना, साध्या आवाजात सांगितलं, “तुम्ही बसा जरा. बघू द्या.” भावोजी बसले. तिसऱ्यांदा कॅसेट पहिल्यापासून लावली तेव्हा, बूट आल्यावर, त्यांनी तो नीट पुढे वाकून बघितला.

तो सिनेमा पुढे मुंबईच्या कुठल्याशा मंडळात दाखवला गेला. तिथं एका जाणकाराने मिठाचा अर्थ विचारला, आणि व्याह्यांनी “मीठ म्हणजे मीठ” असं सांगितल्यावर तो जाणकार फार खूश झाला म्हणे. पेणला वैजूकडे कोणी बसायला आलं आणि लवकर उठेना तर ती लग्नाची कॅसेट लावते, असं जावयाने मला खाजगीत सांगितलं. आमच्या घरात मात्र मोठा बदल झाला. ही रोज संध्याकाळी पुलावर फिरायला जायला लागली. मग एके दिवशी एकटी गाडीत बसून पेणला गेली. पुढे महिन्यातून दोनदा जायला लागली. मुलीकडे तासभर बसायची आणि मग मिठाच्या गोदामात जाऊन तांदूळ निवडत बँडचा सराव ऐकायची. त्या आवाजात ती कशी बसत असेल हे मला कोडं होतं. एकदा तिने ढोलवाल्याला सांगितलं की मधला भाग फार लांबतो, आणि त्यांनी तो कमी केला.

तिला पोहोचवायला एकदा मी बरोबर गेलो होतो, तेव्हा पेणच्या विहीणबाईंनी चहा देता देता सहज सांगितलं, “ते दार आधी सिनेमात नव्हतंच. तुमच्याकडे जेवून आले ना, त्या रात्री त्यांनी मागच्या पडवीचं दार काढलं. अजून तिथं पडदाच हाय.”

मी चहा तसाच ठेवून गोदामात गेलो. व्याही एकटेच वाजवत होते, डोळे मिटून. त्यांच्यासमोर उभा राहून मी बोलायला सुरुवात केली. आभार मानायची मला सवय नाही. खात्यात कोणी मानत नाही आणि घरात मानायचे नसतात. तरी मी बोललो. तुम्ही माझी बायको मला परत दिली, असं काहीसं म्हणालो. मग आवाज चढवून पुन्हा म्हणालो, कारण गिटारचा आवाज मोठा होता. तिसऱ्या खेपेला मी जवळजवळ ओरडत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात गाणं संपलं. त्यांनी डोळे उघडले, बटण बंद केलं आणि विचारलं, “काही म्हणालात का?”

शांततेत ते वाक्य माझ्याच्याने निघेना. मी म्हणालो, “काही नाही. चहा झालाय, विहीणबाई बोलावतायत.”

संध्याकाळी मी स्टँडवर गाडीत बसलो होतो. हे आपल्या स्कूटरवरून आले, खिडकीशी थांबले आणि नेहमीप्रमाणे मधूनच बोलायला लागले. “दुसरा सिनेमा करतोय मोजणीसाहेब. त्यात तुम्हाला बोलायचंय. एकच वाक्य हाय.”

“कुठलं?”

“मघाशी म्हणालात तेच,” ते म्हणाले. “फक्त इतकं ओरडू नका. पहिल्यांदा म्हणालात तसंच म्हणा.” गाडी सुटली.

तो दुसरा सिनेमा झाला नाही. त्या पावसाळ्यात त्यांचा डावा हात गेला. बोटं वळेनाशी झाली आणि गिटार खोळीत गेली ती गेलीच. नंतरची काही वर्षं ते गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बाकीच्यांचं वाजवणं ऐकत बसायचे. आमची ही शेजारी तांदूळ निवडत बसलेली असायची. दोघं फारसं बोलायचे नाहीत. आता ते नाहीत. कॅसेटला आमच्या दमट हवेत कधीच बुरशी धरली. ही अजून संध्याकाळी पुलावर जाते, मी पायरीवर बसून तिची वाट बघतो, आणि आसपास कोणी नसलं की ते वाक्य एकदा हळू म्हणून बघतो. ओरडत नाही. त्यांनी सांगितलं होतं तसंच म्हणतो.